घरगुती पत्रांत राजकारण नसतं म्हणे!

इंग्रजी कादंबरीकार जेन ऑस्टिनच्या भाच्याने १८७०च्या सुमारास आपल्या आत्याचं चरित्र प्रसिद्ध केलं, तेव्हा तिची पत्रं छापण्याआधी त्याने वाचकांना सावध केलं: यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. लिहिण्याची ढब छान आहे, पण मजकूर सगळा घरातला. राजकारण नाही, सार्वजनिक घडामोडी नाहीत. जेम्स एडवर्ड ऑस्टिन-ली हा पाद्री गृहस्थ सज्जन होता आणि आत्यावर त्याचा मनापासून जीव होता. पण जाता जाता दिलेला त्याचा हा निवाडा आश्चर्य वाटावं इतका टिकला. १९३२ साली तिची पत्रं एकत्र संपादित होऊन आली तेव्हा कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टरसारखा तिचा निस्सीम चाहतासुद्धा ती वाचून हिरमुसला. टोप्या, मलमल, नाचाच्या रात्री, कोणाला दिवस गेले, कोण कोणाशी बोलेनासं झालं. एवढंच?

एवढंच नाही. आणि ‘एवढंच’ म्हणणाऱ्यांनी काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे ठरवलं, म्हणून हा वाद आजही वाङ्मयीन आवडीनिवडीपुरता राहत नाही. कुठला कागद दफ्तरखान्यात जातो आणि कुठला चुलीत, हा सार्वजनिक प्रश्न आहे. जॉर्ज राजांच्या काळातल्या, म्हणजे १७१४ ते १८३० या वर्षांतल्या इंग्लंडमधल्या बायकांची पत्रं हे त्याचं चांगलं उदाहरण, कारण तिथे ठेवलेलंही भरपूर आहे आणि जाळलेलंही.

आधी राजकारण नसण्याचं बघू. मे १८०१मध्ये जेन आपली बहीण कॅसँड्रा हिला कळवते, की धाकट्या चार्ल्सला शत्रूचं जहाज पकडल्याबद्दल बक्षिसाच्या वाट्याचे तीस पौंड मिळाले, आणखी दहा यायचेत. पण अशी कमाई करून उपयोग काय, तो ती बहिणींवरच उधळतो, आपल्या दोघींसाठी त्याने सोन्याच्या साखळ्या आणि पुष्कराजाचे क्रूस घेतलेत. आता हे दागिन्यांचं पत्र की युद्धाचं? फ्रान्सशी लढाई चालू आहे, आरमारातले अधिकारी पकडलेल्या जहाजांच्या वाट्यावर नशीब काढतायत, आणि तो पैसा एका पाद्र्याच्या लग्न न झालेल्या मुलींच्या गळ्यात येऊन पडतोय. आरमाराच्या कागदपत्रांत तो वाटा कसा ठरला हे सापडेल. त्या पैशाचं पुढे काय झालं हे फक्त या पत्रात आहे. ते दोन क्रूस चॉटनच्या तिच्या घरात आजही ठेवलेले आहेत. लोक ते भावाबहिणींच्या प्रेमाची खूण म्हणून बघतात. तशी खूण ती आहेच, पण लुटीतला हिस्साही आहे.

मे १८११. स्पेनमध्ये अल्बुएराची लढाई होऊन पंधरवडा झालाय. जेन लिहिते: इतकी माणसं मरावीत हे किती भयंकर, आणि त्यातल्या एकाशीही आपला जीव गुंतलेला नाही हे केवढं सुख! हे वाक्य वाचून अनेकांनी तिला कठोर म्हटलंय. मला ते त्या काळच्या युद्धाविषयीचं अतिशय प्रामाणिक वाक्य वाटतं. ज्या घरातले दोन मुलगे आरमारात आहेत त्या घरात मृतांची यादी आली, की आधी ओळखीचं नाव शोधलं जातं आणि ते सापडलं नाही की श्वास सुटतो. लाज वाटते ती नंतर. सेनापतींच्या खलित्यांत ही भावना कुठून येणार?

जानेवारी १८१३मध्ये ती कॅप्टन पॅस्लीचं ब्रिटिश साम्राज्याच्या लष्करी धोरणावरचं पुस्तक वाचत होती. लेखकाच्या आपण प्रेमात पडलोय, जशा पूर्वी क्लार्कसनच्या आणि ब्यूकॅननच्या पडलो होतो, असं ती बहिणीला सांगते. क्लार्कसन म्हणजे गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढणारा. ब्यूकॅनन म्हणजे कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजचा उपप्रमुख राहिलेला पाद्री. त्याच कॉलेजात विल्यम केरी मराठी शिकवत होता आणि १८०५ साली त्याने मराठीचं व्याकरण छापलं होतं. सार्वजनिक घडामोडींचा उल्लेख नाही म्हणणाऱ्या भाच्याने हे पत्र पाहिलं नसेल, किंवा पाहून थट्टा म्हणून सोडून दिलं असेल. बायकांनी राजकारणाबद्दल थट्टेत लिहिलं की ते राजकारण राहत नाही, असा एक समज पुष्कळांच्या डोक्यात असतो.

आणि वॉरन हेस्टिंग्ज? सालबाईच्या तहामुळे तो आपल्या पाठ्यपुस्तकात भेटतो. ऑस्टिन घराण्याशी त्याचा घरोबा होता. जेनची आतेबहीण एलायझा १७६१ साली कलकत्त्यात जन्मली, तिचा तो धर्मपिता. १७८८ साली लंडनमध्ये त्याच्यावर खटला उभा राहिला तेव्हा जेनची चुलत बहीण फिलाडेल्फिया वॉल्टर एक दिवस तो बघायला गेली आणि भावाला तिने हकीकत कळवली. दहा ते चार बसून ती दमून गेली. हेस्टिंग्जवर आरोप ठेवणाऱ्या पार्लमेंट सदस्यांपैकी शेरिडन इतका हळू बोलत होता की ऐकू येईना, बर्क इतका तापलेला आणि घाईत होता की कळेना, फॉक्स मात्र दोघांपेक्षा सरस. बर्कची ती भाषणं पुढे इंग्रजी वक्तृत्वाचा नमुना म्हणून छापली गेली. श्रोत्यांच्या सज्जात बसलेल्या एका बाईला त्यातलं काहीच कळत नव्हतं, हा पुरावा छापील भाषणात मिळत नाही.

ही पत्रं अशी गच्च भरलेली का, याचं कारण टपालाच्या हिशेबात आहे. १८४० साली एक पेनीचं टपाल सुरू होईपर्यंत पत्राचे पैसे बहुधा घेणारा देत असे. दर दोन गोष्टींवर ठरे: अंतर किती आणि कागद किती. दुसरा कागद घातला की दर दुप्पट. १८१२च्या दराने अगदी जवळच्या पंधरा मैलांनाही चार पेनी पडत, आणि युद्धखर्चासाठी सरकारने हे दर पुन्हा पुन्हा वाढवले होते. म्हणजे बहिणीला टोपीची बातमी कळवणं हाही नेपोलियनविरुद्धच्या लढाईला कर देण्याचा प्रकार होता. पाकीट वापरलं तर तोही एक कागद, म्हणून तोच कागद घडी घालून त्यावर पत्ता लिहायचा, लाख लावायची. जागा संपली की कागद आडवा धरून लिहिलेल्या ओळींवरून पुन्हा लिहायचं. ज्यांचं पत्र पार्लमेंटचा एखादा सदस्य आपल्या सहीने फुकट पाठवी ते भाग्यवान.

पैसे समोरची भरणार असेल तर तिला पैशाचं मोल मिळालं पाहिजे, ही जाणीव त्या ओळींत सतत दिसते. सांगण्यासारखं काही नाही असं म्हणत जेन दोन पानं मजकूर भरते. शिवाय पत्र एकटीसाठी नसेच. ते घरात मोठ्याने वाचलं जाई, शेजारी ऐकवलं जाई, एकीकडून दुसरीकडे फिरे. कॅसँड्रा वाचताना कोणता भाग गाळेल हे जेनला ठाऊक असे, आणि काय सगळ्यांसाठी, काय फक्त तिच्यासाठी, ते ती ओळखून लिही. खासगी आणि सार्वजनिक यांच्यातली रेघ कागदावर नव्हती, वाचणारीच्या आवाजात होती. म्हणून ‘ही खासगी पत्रं, यांचा इतिहासाशी काय संबंध’ हा आक्षेप मला पटत नाही. त्या काळच्या वर्तमानपत्रांची तालुक्यापर्यंतची शाखा याच बायका चालवत होत्या. कोणाची मोलकरीण सोडून गेली, चहाचा भाव काय, बाजूच्या इस्टेटीचा नवा मालक कसा, तापाची साथ कुठवर आली.

सगळ्यात महत्त्वाचं जे या पत्रांत आहे आणि इतर कुठल्याच कागदात नाही, ते म्हणजे शरीर.

ऑक्टोबर १८०८मध्ये जेनचा भाऊ एडवर्ड याची बायको एलिझाबेथ अकरावं मूल झाल्यावर काही दिवसांत गेली. पुढे चार्ल्सची बायको १८१४ साली चौथ्या बाळंतपणात गेली, फ्रँकची १८२३ साली अकराव्या मुलानंतर. एकाच घरातल्या तीन भावजया. चर्चच्या नोंदवहीत यासाठी बाप्तिस्म्याची एक ओळ, दफनाची एक ओळ. एलिझाबेथ गेल्यानंतरच्या जेनच्या पत्रांत सुतकाचे कपडे कसे करायचे, कोणतं कापड, जुना मखमली कोट पुन्हा अस्तर लावून चालेल का, याची चर्चा आहे. फॉर्स्टरला नकोशी वाटली ती हीच कापडं. पण त्याच दिवसांत आई गमावलेले दोन भाचे तिच्याकडे राहायला आलेत, ती त्यांच्याशी चेंडू-दांडीचे खेळ खेळतेय, कागदाच्या होड्या करून देतेय, आणि तेही पत्रात आहे. दुःखात माणसं काय करतात याची इतकी खरी नोंद शोकगीतात मिळत नाही. कपडे शिवावेच लागतात, मुलांना गुंतवून ठेवावंच लागतं.

नऊ वर्षांनी, स्वतः आजारी असताना, ती भाची फॅनीला एका ओळखीच्या बाईबद्दल लिहिते. बाईला आणखी एक मूल झालंय. त्या नवराबायकोंना माझा सल्ला एकच, ती सांगते, वेगवेगळ्या खोल्यांत झोपा. आणि दुसऱ्या भाचीला, अ‍ॅनाला, पुन्हा दिवस गेल्याची शंका आहे असं कळल्यावर: बिचारं जनावर, तिशीच्या आतच झिजून जाईल. हे विनोद म्हणून वाचलं जातं. मला ते लोकसंख्येच्या इतिहासातलं महत्त्वाचं कलम वाटतं. सततच्या बाळंतपणाकडे त्या काळच्या बायका देवाची कृपा म्हणून बघत होत्या की नाही, या प्रश्नाला प्रवचनांतून एक उत्तर मिळतं आणि आत्याने भाचीला लिहिलेल्या ओळीतून दुसरं. मी दुसऱ्यावर विश्वास ठेवीन.

याच्याच शेजारी १७९८ मधलं ते कुप्रसिद्ध वाक्य. शेरबोर्नच्या एका बाईला दिवस भरण्याआधी मेलेलं मूल झालं, कशाला तरी घाबरल्यामुळे म्हणे. बहुतेक तिने चुकून नवऱ्याकडे पाहिलं असावं. क्रूर आहे. बावीस वर्षांच्या मुलीने बहिणीला हसवायला केलेला हा विनोद मला आवडत नाही, पण तो काढून टाकावा असंही वाटत नाही. ज्या समाजात मेलेलं मूल ही आठवड्याची बातमी असते तिथे तरुण मुली भीती कशी पचवतात, हे त्यातून कळतं. १८८४ साली फॅनीच्या मुलाने, लॉर्ड ब्रेबोर्नने, पत्रं छापली तेव्हा त्याने काही अवघड वाटणारे उल्लेख गाळले. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या नातवंडांना आपल्या आज्या-आत्यांना पोट, पाळी, पिसवा आणि द्वेष असलेले सहन होत नव्हते.

कादंबरीकार फॅनी बर्नीचं पत्र मात्र कोणाला गाळता आलं नाही. ३० सप्टेंबर १८११ रोजी पॅरिसमध्ये तिच्या स्तनाची शस्त्रक्रिया झाली, गुंगीच्या औषधाचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी. नेपोलियनच्या सैन्याचा प्रसिद्ध शल्यविशारद लॅरे याने ती केली. बर्नी शुद्धीत होती, हाडावर पातं खरवडतंय हे तिला जाणवत होतं. पुढे कित्येक महिने थांबत थांबत तिने बहिणीला, एस्थरला, सगळं लिहिलं. लिहिलेलं पुन्हा वाचून बघणं तिला झेपलं नाही. तिने लिहिलं का? उडत उडत चुकीची बातमी बहिणीच्या कानावर जाऊ नये, आणि बहिणीने व भाच्यांनी असं काही जाणवलं तर आपल्यासारखा उशीर करू नये म्हणून. त्यानंतर ती जवळजवळ तीस वर्षं जगली. रुग्णाच्या बाजूने लिहिलेली त्या काळातल्या शस्त्रक्रियेची अशी हकीकत क्वचितच सापडते, आणि ती वैद्यकीय पत्रिकेत आलेली नाही. कौटुंबिक पत्रात आली आहे.

तुर्कस्तानातल्या इंग्रज राजदूताची बायको लेडी मेरी वर्टली माँटेग्यू हिचं उदाहरण त्याच्याही मागचं. तिथून १७१७ साली एका मैत्रिणीच्या नावे लिहिलेल्या पत्रात ती देवी टोचण्याची तिथली रीत सांगते: उन्हाळा सरला की म्हाताऱ्या बायका अक्रोडाच्या टरफलात देवीचा द्राव घेऊन घरोघर येतात, सुईने शीर उघडून तो आत सोडतात. आमचे डॉक्टर ही रीत येऊ देणार नाहीत, कारण या रोगावर त्यांचं उत्पन्न आहे, असंही ती तिथेच म्हणते. मुलाला तिने तिकडेच टोचून घेतलं आणि १७२१ साली लंडनला साथ आली तेव्हा मुलीलाही, डॉक्टरांसमोर. तिने आपली ही पत्रं नंतर हात फिरवून पुस्तकासाठी तयार केली होती, तेव्हा ती जशीच्या तशी पेटीत पडलेली पत्रं नव्हेत हे खरं. पण जनानखान्यातून जनानखान्यात आलेली ती बातमी दरबारापर्यंत गेली हेही खरंच.

त्याच मुलीने, पुढे लेडी ब्यूट झाल्यावर, आईची आयुष्यभराची रोजनिशी स्वतःच्या मृत्यूपूर्वी जाळली. कॅसँड्राने मरण्याआधी दोन-तीन वर्षं जेनची बहुतेक पत्रं जाळली, काहींतून तुकडे कापून काढले. जेनने जन्मभरात हजारो पत्रं लिहिली असावीत. आज एकशे साठच्या आसपास आहेत. फ्रँकने जपून ठेवलेली तिची पत्रं तो १८६५ साली वारल्यावर त्याच्या मुलीने नष्ट केली. आणि बर्नी स्वतः? तिने वडिलांच्या कागदांपैकी कितीतरी जाळले. जाळणाऱ्या बहुतेक बायकाच, आणि त्या अडाणी नव्हत्या. कॅसँड्राला दोष देणं मला जमत नाही. जेनने जे तिच्यासाठी म्हणून लिहिलं ते तिचं होतं. मृत माणसाच्या अब्रूची राखण करायला मागे एखादं माणूस राहावं आणि त्याच्याजवळ काडेपेटी असावी, यात गैर काय?

पण खासगीपणाचा हा युक्तिवाद कोणाला वाचवतो तेही बघावं. तो पत्र लिहिणारीला वाचवतो. जिच्याबद्दल लिहिलंय ती मोलकरीण, तिचं चुकलेलं पाऊल, तिला दिलेली नोटीस, हे वाचवायला कोणी काडी ओढत नाही. गरीब बायकांची पत्रंही आहेत, पण ती कुटुंबाने ठेवलेली नाहीत. आपल्या मूळ गावच्या पॅरिशकडे, म्हणजे गरिबांना मदत देणाऱ्या चर्चच्या स्थानिक कारभाराकडे, मदत मागणारी, वेड्यावाकड्या अक्षरांतली, मुलांना जोडे नाहीत, भाडं थकलंय असं सांगणारी पत्रं गरिबांच्या खात्याच्या हिशेबांबरोबर टाचली गेली म्हणून टिकली. एसेक्स परगण्यातली तर पुष्कळच. लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटल नावाच्या अनाथाश्रमात १७४१पासून मूल सोडून जाणाऱ्या आयांनी खुणेसाठी ठेवलेले कापडाचे तुकडे आणि चिठ्ठ्या आहेत. श्रीमंत घरातल्या पत्रातलं मलमलीचं वर्णन वाचताना तो तुकडा शेजारी ठेवावा. दोन्ही कापडंच.

आपल्या मुंबईशी जोडलेली एक बाई या सगळ्यात फार वेगळ्या तऱ्हेने अडकली. एलायझा ड्रेपर १७४४ साली केरळच्या किनाऱ्यावर अंजेंगोला जन्मली, चौदाव्या वर्षी मुंबईतल्या कंपनीच्या एका अधिकाऱ्याची बायको झाली. १७६७ साली लंडनमध्ये कादंबरीकार लॉरेन्स स्टर्न तिच्या प्रेमात पडला आणि ती नवऱ्याकडे परत निघाली. जानेवारी १७७३मध्ये एका रात्री ती माझगावच्या बेलव्हेडिअर बंगल्यातून पळाली आणि आरमाराच्या जहाजावर गेली. त्याच वर्षी स्टर्नची तिला लिहिलेली पत्रं लंडनमध्ये छापून आली. तिने त्याला लिहिलेली पत्रं लोकांना हवी होती, ती मिळेनात, तर १७७५ साली दुसऱ्याच एका लेखकाने तिच्या नावाने बनावट पत्रं लिहून विकली! खऱ्या एलायझाची तेलिचेरी आणि मुंबईहून मैत्रिणींना व नातलगांना लिहिलेली पत्रं मात्र कितीतरी वर्षं कोणी विचारली नाहीत. त्यांत ती सांगते, की तेलिचेरीच्या वखारीच्या प्रमुखाची बायको म्हणून मी पाळीपाळीने व्यापाऱ्याची, शिपायाची आणि खानावळवाल्याची बायको असते. कंपनी काय होती याचं इतकं आटोपशीर वर्णन कंपनीच्या एखाद्या संचालकाला सुचलं नसतं. बाजारात खपली ती तिची विरहिणीची प्रतिमा.

जॉर्जांचा काळ आणि पेशवाई जवळजवळ बरोबरच सुरू होतात, हा योगायोग मराठी वाचकाला टोचावा. बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले १७१३ साली, पहिला जॉर्ज गादीवर आला त्याच्या पुढच्या वर्षी. त्या शतकातल्या आपल्या बायकांची पत्रं उरली ती प्रामुख्याने सत्तेच्या जवळच्यांची: अहिल्याबाईंची, किंवा गोपिकाबाईंनी नातवाला, सवाई माधवरावांना, वागणुकीचे नियम लिहून पाठवले ते. ती दफ्तरात राहिली कारण राज्यकारभाराची होती. बाकीच्या बहुतेकींना लिहिताच येत नव्हतं, म्हणून तक्रार करण्यात अर्थ नाही. पण गेल्या शंभर वर्षांत लिहिता येणाऱ्या बायका घरोघर झाल्या. त्यांची पोस्टकार्डं, निळी आंतर्देशीय पत्रं, मनीऑर्डरच्या कुपनावर कोंबलेल्या चार ओळी या क्षणी घरं रिकामी होताना रद्दीत चालल्या आहेत, आणि त्यांना जागा देणाऱ्या सार्वजनिक संस्था आपल्याकडे मोजक्याच आहेत. घर आवरणारी माणसं ऑस्टिन-लीचंच वाक्य वेगळ्या शब्दांत म्हणतात: यात काय आहे, घरगुतीच तर आहे.

मला वाटतं विद्यापीठांनी आणि जिल्हा ग्रंथालयांनी असे गठ्ठे घ्यावेत, आणि देणाऱ्याने सांगितलं तर पन्नास वर्षं कुलुपात ठेवावेत. तेवढ्यात कॅसँड्राची भीती बरीचशी मिटते. जिला पूर्ण जाळायचं तिला जाळू द्यावं. आणि छापणाऱ्यांनी कापू नये. पिसवा, पाळी, थकलेलं बिल, मेलेल्या मुलावरचा वाईट विनोद, सगळं जसंच्या तसं यावं. शेवटी सूची द्यावी, आणि तीत लॉर्ड, सेनापती आणि लेखकांच्या नावांबरोबर धोबिणींची नावं यावीत. चहा, साखर आणि मेणबत्त्यांचे भाव यावेत. गर्भपात, देवी, खोकला यांना स्वतःच्या नोंदी असाव्यात. एलिझाबेथ माँटेग्यूच्या हजारो पत्रांपैकी पुष्कळशी आज कॅलिफोर्नियाच्या हंटिंग्टन ग्रंथालयात आहेत. तिची ओळख साहित्यिक बैठका भरवणारी बाई अशी करून दिली जाते, पण नवऱ्यामागे ती न्यूकॅसलजवळच्या कोळशाच्या खाणी चालवत होती आणि खाणींबद्दलही लिहीत होती. ते वाचायचं असेल तर सूचीत ‘कोळसा’ हा शब्द असावा लागतो.